कुंपणाबाहेरची डोण

माझ्या माहेरी पाणी म्हणजे खोल विहिरीतून दोराने ओढून काढायची गोष्ट होती. शेवगावच्या पलीकडे कोरडवाहू रानात आमचं घर. दोर लांब, पोहरा गळका आणि आम्हा बहिणींच्या तळहातांना बारा महिने घट्टे. पाणी सांडलं तर आई रागवायची नाही, नुसती त्या ओल्या जागेकडे बघत राहायची. तिने चार धपाटे घातले असते तर बरं, असं वाटायचं. अशा घरातून मी लग्न होऊन कोल्हारला आले. इथे प्रवरा, पाटाचं पाणी, उसाचे फड, परसात केळी. पहिले काही महिने मी दुपारची पाटाच्या कडेला जाऊन बसायची. सासूबाईंना वाटायचं, सुनेला माहेर आठवतंय. माहेर कसलं आठवतंय, मी आपली पाणी बघत असायची. कुणीही न ओढता एवढं पाणी आपल्या पायांनी चाललंय, हे माझ्या डोक्यात मावतच नव्हतं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो आणि सासूबाईंना आत्याबाई. मामा उंच, हडकुळे, बोलायला कमी. पण एकदा त्यांच्या डोक्यात काही शिरलं की ते काढायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत गेला असता. एकाहत्तर सालच्या सुमारास ते बांधाच्या कज्ज्यासाठी नगरला कोर्टात गेले होते. तारीख पुढे गेली, एसटीला वेळ होता, म्हणून पाय मोकळे करत ते कॅम्पाकडे गेले. तिथे कुठल्याशा बंगल्याच्या बागेत कारंजं उडत होतं. राखणदाराने हटकेपर्यंत मामा कुंपणाच्या तारेला धरून उभे राहिले. घरी आले ते जेवायलाच बसेनात.

"पानी वर उडतंय," ते ओट्यावर बसून आत्याबाईंना सांगत होते. "कुनी उपसत न्हाई, कुनी ढकलत न्हाई. आपलं आपन वर जातंय."

"ऊन लागलं आसंल," आत्याबाई म्हणाल्या आणि कांदा फोडायला आत गेल्या.

मामांना ऊन लागलं नव्हतं, खूळ लागलं होतं. आमची विहीर घरामागच्या उंचवट्यावर होती. तिच्यावर नुकतीच विजेची मोटार बसली होती आणि शेजारी दगडी टाकी होती. टाकीपासून घराच्या अंगणापर्यंत चांगला उतार. तेवढा उतार मिळाला तर पाणी आपल्या जोरावर उडी मारील, असा मामांचा हिशेब होता. सगळं गाव उसाच्या लागणीच्या मागे होतं आणि आमच्याकडे गवंडी अंगणात दोरी लावून गोल आखत होता. काळ्या दगडाचा गुडघाभर उंच हौद झाला. त्याच्या भोवती शहाबादी फरशी बसली. कारंज्याची तोटी मामांनी नगरच्या तांबटाकडून करून आणली. ती पितळी तोटी थेट झाडांना पाणी घालायच्या झारीच्या तोंडासारखी होती, चाळणीची.

फरशी बसली त्या दिवशी अंगण आरशासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर आत्याबाईंनी त्यावर शेणाचा सडा टाकलेला.

"अवो, फरशी हाय ती!" मामा ओरडले.

"आसंल. पन दारात सडा न्हाई, तर लोक काय म्हनतील? सुतक हाय म्हनतील," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. हौदापासून हातभर लांब सडा, आणि हौदाजवळ फरशी उघडी, अशी तडजोड व्हायला बरेच दिवस गेले.

पहिल्यांदा पाणी सोडलं ती संध्याकाळ मला अजून दिसते. माझे यजमान वर टाकीजवळ कॉकपाशी उभे होते. मामांनी खालून हात वर केला. तोटीतून आधी नुसती हवा फुसफुसली. मग थुंकल्यासारखं थोडं तांबूस पाणी आलं. आत्याबाई म्हणाल्या, "झालं एवढंच?" आणि तेवढ्यात ते उठलं. खरंच उठलं, झोपलेलं माणूस उठावं तसं. पुरुषभर वर गेलं, तिथे क्षणभर थांबलं आणि चहूबाजूंनी खाली आलं. मावळतीचं ऊन त्यातून आरपार जात होतं. गवंडी थापी हातात धरून तसाच उभा. मी कधी हात जोडले ते मला कळलं नाही. आयुष्यभर जे मी खालून वर ओढत आले होते, ते माझ्यासमोर आपण होऊन वर जात होतं, आणि माझे हात मोकळे होते.

मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "तुषार लागले डोळ्याला," ते म्हणाले. ते हौदापासून चांगले लांब उभे होते.

वस्तीवरच्या बायका दुसऱ्या दिवशी बघायला आल्या त्या ताट घेऊनच आल्या. नवं पाणी म्हटल्यावर त्याला हळदकुंकू व्हायला हवं, ओटी भरायला हवी. आत्याबाईंनी कॉक बंद करवला, एकेकीने वाकून तोटीला हळदकुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या, नमस्कार केले. संध्याकाळी पाणी सोडलं तर कारंजं मुकं. मामांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी नळ तपासला, कॉक तपासला, मग हट्टाने दोन फरश्या उपटून खालचा नळ उघडा केला. कुठे काही नाही. शेवटी यजमानांनी तोटीच काढून पाहिली तर चाळणीच्या भोकाभोकांत भिजून फुगलेला तांदूळ आणि कुंकवाचा चिखल! आत्याबाई पदर तोंडाला लावून उभ्या. मामा रागावतील असं वाटलं, पण ते तोटी हातात फिरवत म्हणाले, "देवाला बी असंच गुदमरत आसंल." मग त्यांनी हौदाच्या कडेला एक चपटा धोंडा बसवला आणि सांगितलं की हळदकुंकू या धोंड्याला, पाण्याला नुसता नमस्कार.

हे सगळं कौतुक चाललं असताना माझ्या पोटात एक दुखणं होतं, आणि ते आता सांगायलाच हवं.

आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणी आईबाप पीत नाहीत. लेकीला मूल झालं, नातवंड मांडीवर आलं, की मग तिच्या घरी जेवायचं, पाणी प्यायचं. तोवर नाही. पुष्कळ जण हे वरवर पाळतात. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, अक्षरशः पाळायचे. येताना फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या भरून आणायचे आणि फडक्यात भाकरी. मी रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढे करायची. ते त्याला बोट लावायचे, म्हणायचे, "पोचलं," आणि बाजूला सरकवायचे. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. दादा तांब्या बाजूला सरकवायचे तेव्हा ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना माझी कूस रिकामी आहे हे न बोलता कळायचं. शेजारणी तर बोलूनही दाखवायच्या. दादांच्या मनात तसं काही नसायचं, ते मला कळत होतं. तरी मला त्यांचा इतका राग यायचा की ते गेल्यावर तो भरलेला तांब्या मी केळीत नेऊन ओतायची.

बहात्तरला पावसाने तोंड दाखवलं नाही. आमच्याकडे विहिरीचं पाणी खाली गेलं, पाटाची पाळी लांबली, पण प्यायला आणि ढोरांना पुरत होतं. मामांनी कारंजं बंद करून ठेवलं. केळीला आणि भाजीला पाणी द्यायचं तेव्हा ते तोटी काढून त्याच नळाने हौदात यायचं आणि पुढे वाफ्यांत जायचं. तिकडे माहेरच्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता. बैलांना चारा नव्हता. मामांनी निरोप धाडला की आमच्याकडे उसाचं वाढं आहे, घेऊन जा. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा. दादा गावातल्या चारपाच जणांना घेऊन ट्रक करून आले. दुपार डोक्यावर आली होती. वाळून कोळ झाले होते दादा. वाटेत बरोबरच्या एकाला भोवळ आली तेव्हा आपल्या तांब्यातलं सगळं पाणी त्यांनी त्याला पाजलं होतं, हे मला ड्रायव्हरने सांगितलं.

मी तांब्या पुढे केला. त्यांनी बोट लावलं. "पोचलं," म्हणाले. आवाज घशातून नीट फुटत नव्हता.

"दादा, बैलांसाठी वाढं घेता ना?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"बैलांना कुठं लेकी हायेत?" ते हसून म्हणाले आणि वाढं भरायला गेले.

वाढं भरून झालं तेव्हा मामांनी तोटी परत बसवली आणि वर यजमानांना हाक दिली, "सोड रं पानी!" भाजीला पाणी द्यायची वेळ झालीच होती, पण तोटी लावायची काही गरज नव्हती. तहानलेल्या माणसापुढे पाणी नाचवायचं हे कसलं मिरवणं, असं मनात येऊन मी मामांकडे जळजळीत नजरेने पाहिलं. आणि कारंजं उठलं.

दादांनी फरशीच्या कडेला वहाणा काढल्या. डोक्याचं पागोटं काढून काखेत धरलं. अनवाणी पायांनी ते हळूहळू हौदापर्यंत गेले, देवळात जावं तसे. बराच वेळ मान वर करून बघत राहिले.

"पोरी," ते मला म्हणाले, "हे खाली पडायचं इसरलं काय गं?"

बरोबर आलेली माणसंही येऊन उभी राहिली. त्यांच्या गावात बायका झऱ्यातून वाटीने पाणी भरत होत्या. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. पण कुणाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलं होऊन गेली होती सगळी. एक म्हातारबा तर टाळ्या वाजवायला लागले. मामांनी दादांना हिणवायला नव्हे, आपल्याला जे दिसलं ते त्यांनाही दिसावं म्हणून पाणी सोडलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात वारा फिरला. तुषारांचा एक झोत दादांच्या तोंडावर आला. कपाळ भिजलं, मिशा भिजल्या, सुकलेल्या ओठांवर थेंब चमकले. दादांनी ओठ घट्ट मिटले. पागोट्याच्या शेवाने आधी ओठ पुसले, मग मिशा, मग उरलेलं तोंड. एक थेंबसुद्धा आत जाऊ दिला नाही. मी ते पाहिलं, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मामांनीही पाहिलं.

ट्रक सुटायच्या वेळी मामा दादांना म्हणाले, "पाव्हनं, नेम मोडा म्हनत न्हाई मी. नुसतं इचारतो. लेकीचं घर कुठवर धरता तुमी?"

दादांनी प्रश्न खरोखरीचा धरला. अंगणाकडे बघितलं, उंचवट्याकडे बघितलं. "कुंपनाच्या आतलं सगळं तिचं. वरची हीर बी तिचीच."

"आन कुंपनाभाईर?"

"भाईर रस्ता. वाटंवर कुनी पानी सोडलं, तर ते वाटसरूचं. पन सोडलं पायजे, नुसतं ठिवून भागत न्हाई."

मामांनी मान हलवली. ट्रक गेला. दादा तहानलेलेच गेले. मी गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात पडून रडले.

चार दिवसांनी गवंडी परत आला. मामांनी हौदापासून कुंपणापर्यंतच्या फरश्या उखडायला लावल्या. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. आता कुठे त्यांचं आणि फरशीचं जमत आलं होतं. मामा म्हणाले, "ढोरांसाठी डोन करायची हाय, भाईर." गोठ्यात ढोरांना पाणी प्यायला कोरीव दगडाची डोण होतीच. पण विचारायची कुणाची छाती?

हौदाच्या कडेला खाच पाडली. तिथून वीतभर रुंद दगडी पन्हळ फरशीतून नेली. ती दगडी कुंपणाच्या खालून बाहेर काढली. बाहेर, अंगणापेक्षा बऱ्याच खालच्या गाडीवाटेच्या कडेला एका अखंड काळ्या दगडाची डोण बसवली. उतार बरोबर आहे की नाही हे बघायला मामा तांब्याने पाणी ओतून त्याच्यामागे वाकून चालत जायचे, लेकरामागे चालावं तसे. पाणी मध्येच रेंगाळलं की दगड काढायचा, खालचा चुना खरवडायचा, परत बसवायचा. कुंपणातून बाहेर येणाऱ्या तोंडाशी गवंडी थांबला. हे तोंड किती उंचीवर ठेवू, म्हणून त्याने विचारलं.

मामा माझ्याकडे वळले. मी केळीपाशी उभी होते.

"सूनबाई, तुझे दादा पानी कसं पित्यात? बसून का उभ्यानं?"

मी सांगितलं, "उभ्याने. वाकून. ओंजळीने."

"मंग इथं," मामांनी आपल्या मांडीवर हात ठेवून गवंड्याला उंची दाखवली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून घरात पळाले. या माणसाने कारंज्यासाठी नगरच्या वाऱ्या केल्या होत्या. ते कारंजं डोळ्यांत मावत नाही असं होतं. पण त्या दिवसापासून मला कारंज्यापेक्षा ते वीतभर पन्हळीचं तोंड मोठं वाटायला लागलं. अजून वाटतं.

डोण भरली त्या सकाळी मामांनी वाटेवरून जाणारी, वस्तीवरची अशी दहाबारा माणसं बोलावली. वृंदावनातलं एक तुळशीचं पान खुडून आणलं, डोणीवर ठेवलं, उजव्या हाताने त्यावर पाणी सोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपास्नं ही डोन आन हितलं पानी आमचं न्हाई. वाटंचं हाय. ज्याला तहान त्याचं." तुळशीपत्र ठेवून सोडलेली वस्तू परत आपली होत नाही. आत्याबाईंनी हे असं काही मनावर घेतलं की आमचं वासरू डोणीत तोंड घालायला गेलं तरी त्या हाकलायच्या. "दिलेलं हाय ते, लाज न्हाई वाटत?" त्या वासराला म्हणायच्या. त्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर जाणारी माणसं, त्यांची पोरं, गाडीचे बैल, सगळी तिथे थांबायची. तेवढ्यासाठी मोटार दिवसातून एकदा जास्त चालायची आणि आमची भाजी अर्धी वाळली.

दादा पुन्हा वाढं न्यायला आले तेव्हा मी कुंपणाच्या आत उभी होते. या वेळी हातात तांब्या घेतला नव्हता. मामा डोणीपाशी, वाटेवर. दादांनी डोण बघितली. पन्हळीचं तोंड बघितलं. कुंपणावरून आत वाकून ती पन्हळ कुठून येते तेही नजरेने मागे मागे जात बघितलं, थेट हौदापर्यंत. दादा काही खुळे नव्हते.

"तुळशीपत्र ठिवलं?" त्यांनी विचारलं.

"ठिवलं."

"कुनाम्होरं?"

"धाबारा मानसांम्होरं. बोलवू का?"

दादांनी पन्हळीच्या तोंडाकडे पुन्हा एकदा बघितलं. ते नाही म्हणाले असते तर मामांनी दुसरं काही काढलं नसतं, आणि मीही पुन्हा आशा धरली नसती. दादांनी वहाणा काढल्या. पागोटं मामांच्या हातात दिलं. वाकले आणि पन्हळीच्या तोंडाशी ओंजळ धरली. पाणी बरोबर त्यांच्या ओंजळीच्या उंचीवर पडत होतं. ते प्यायले. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्यायले. त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर होत होती आणि मी ती बघत होते. कारंजं पहिल्यांदा उठलं तेव्हा मला जे वाटलं होतं तेच तेव्हा वाटत होतं, फक्त कितीतरी मोठं. मामा पाठ करून रस्त्याकडे बघत होते.

मग दादांनी आपल्या तांब्याची फिरकी उघडली. घरून आणलेलं गढूळ पाणी बाभळीच्या बुडात ओतलं आणि तांब्या पन्हळीखाली धरला. तो काठोकाठ भरेपर्यंत थांबले. झाकण घट्ट फिरवलं आणि कुंपणाशी माझ्यापुढे आले.

"तुझ्या आईसाठी," ते म्हणाले. "लई दिस इचारतीया, लेकीच्या घरचं पानी कसं लागतं म्हनून."

लेकीच्या घरचं. बोलून गेल्यावर त्यांना उमगलं. त्यांनी मामांकडे बघितलं. मामा पागोटं हातात घेऊन उभे होते आणि त्यांना काही ऐकू आलंच नव्हतं.

मूल मला पुढे झालं नाही. दादा येत राहिले, आणि दर खेपेला आधी डोणीवर पाणी पिऊन मग घरात यायचे. आईचं त्यांनी पुढच्या वेळी सांगितलं. तिने तो तांब्या देवापाशी ठेवला होता, आणि रोज संध्याकाळी एकेक घोट घेत चांगले आठ दिवस पुरवला.